‘तो हाच’ असं कधी म्हणता येतं? : जुन्या खेळण्यांचं पुनरागमन आणि आजचा संग्राहक

या मालेतल्या आधीच्या व्याख्यानांत आपण ओळख, स्मृती आणि काळ यांविषयी बोललो. तिथे उदाहरणं घेतली ती पोथ्यांतली. आज उदाहरण घेणार आहे प्लास्टिकच्या बाहुल्यांचं. विषय पोरकट वाटेल, पण हे बाहुले आज बहुतांशी पन्नाशीचे लोक विकत घेतात, वेळ आणि पैसा खर्चून घेतात आणि घेतल्यावर बऱ्याचदा नाराज होतात. ही नाराजी कुठून येते, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रश्न नीट मांडू. १९७० आणि ८० च्या दशकांत अमेरिकेत मुलांसाठी ‘अ‍ॅक्शन फिगर’ म्हणून खेळणी निघाली. ती मुलं मोठी झाली, कमावती झाली आणि म्हणायला लागली की आमची जुनी खेळणी परत काढा. कंपन्यांनी काढली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा काढली. सुरुवातीला उड्या पडतात आणि मग दोन-चार वर्षांत मालिका रेंगाळते. दुकानात माल पडून राहतो, किमती उतरतात, मालिका बंद होते. काही वर्षांनी दुसऱ्या नावाने पुन्हा सुरू होते. ज्यांनी मागितलं त्यांनाच ते पुरेसं वाटत नाही, असं का व्हावं?

थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. ‘अ‍ॅक्शन फिगर’ हा शब्दच मुळात एका अडचणीतून जन्माला आला. १९६४ साली हॅस्ब्रो कंपनीने ‘जी. आय. जो’ नावाचा सुमारे फूटभर उंचीचा सैनिक बाजारात आणला. कपडे बदलता येणारा, हातपाय हलवता येणारा. म्हणजे बाहुलाच. पण अमेरिकेतला बाप मुलाला बाहुली घेऊन देणार नाही, म्हणून नाव बदललं. आपल्याकडे ही अडचण आली नसती. आपल्या भाषेत बाहुली आहे तसा बाहुलाही आहे आणि भातुकलीत दोघांचं लग्नही लागतं. तिथे मात्र नवा शब्द घडवावा लागला.

मग आला ‘स्टार वॉर्स’. सिनेमा १९७७ चा, केनर कंपनीचे बाहुले १९७८ पासून. उंची पावणेचार इंच. आकार लहान केल्यामुळे किंमत आवाक्यात आली आणि बाहुल्यांबरोबर यानंही विकता आली. १९८२ साली हॅस्ब्रोने जी. आय. जोलाही त्याच उंचीवर आणलं. त्याच वर्षी मॅटेल कंपनीने ‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’ ही मालिका काढली. तिचा नायक ही-मॅन. साडेपाच इंच उंची, फुगलेले दंड, वाकलेले गुडघे, कमरेत स्प्रिंग. कंबर पिळून सोडली की ठोसा मारणार. आज मुख्यतः या ही-मॅनचंच उदाहरण घेणार आहे, कारण त्याच्याइतक्या वेळा फारच थोडी खेळणी परत आली असतील.

त्या पहिल्या ही-मॅनकडे नीट बघा. तो काही शिल्पकलेचा नमुना नव्हता. डोकं, दोन खांदे, कंबर आणि दोन मांड्या, एवढेच सांधे. एकच धड अनेक पात्रांना वापरलेलं. त्याचा वाघ, बॅटल कॅट, मॅटेलच्या ‘बिग जिम’ नावाच्या आधीच्या मालिकेतल्या वाघाच्या साच्यातून काढलेला. म्हणूनच तो बाहुल्याच्या मानाने इतका मोठा होता. पोलादी साचा महाग असतो, एकदा केला की जितका जास्त वापरावा तितका परवडतो. म्हणजे मुलांना जे अद्भुत वाटलं, त्यातलं बरंचसं काटकसरीतून आलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९८३ पासून फिल्मेशन कंपनीची ही-मॅनची कार्टून मालिका सुरू झाली. एकशेतीस भाग झाले. मूल दुपारी शाळेतून घरी आलं की दूरदर्शन संचावर ही-मॅन आणि हातातही ही-मॅन. गोष्ट आणि खेळणं एकमेकांना पुरवठा करत होते. मग १९८७ मध्ये चित्रपट आला आणि त्याच सुमारास विक्री कोसळली. ८८ पर्यंत मूळ मालिका संपली. तेव्हा सात वर्षांचा असलेला मुलगा आज पन्नाशीच्या आसपास आहे.

आता तत्त्वज्ञानाकडे येऊ. आपल्या दर्शनांत ‘प्रत्यभिज्ञा’ नावाची एक संकल्पना आहे. सोप्या मराठीत ओळख पटणं. तिचं ठरलेलं उदाहरण म्हणजे ‘सोऽयं देवदत्तः’, तो हा देवदत्त. मागे कधीतरी काशीला पाहिलेला देवदत्त आज इथे समोर उभा आहे. तेव्हा तो तरुण होता, आता केस पिकलेत. तिथे होता, आता इथे आहे. तरी आपण म्हणतो, तो हाच. हे वाक्य खरं कसं ठरतं? ‘तो’ या शब्दात तेव्हाचा काळ आणि तिथली जागा आहे, ‘हा’ या शब्दात आत्ताचा काळ आणि इथली जागा. दोन्ही एक कसे होणार? वेदान्ती सांगतात, विरोधी भाग सोडून द्या. ‘तेव्हा-तिथे’ सोडा, ‘आत्ता-इथे’ही सोडा. उरतो तो देवदत्त, तो एकच आहे. याला भागत्यागलक्षणा म्हणतात. शब्द मोठा आहे, पण हे काम आपण रोज करतो. वीस वर्षांनी भेटलेल्या वर्गमित्राला ‘अरे तू!’ म्हणतो, तेव्हा हेच करतो.

पुन्हा काढलेलं खेळणं आपल्याला नेमकं हेच वाक्य म्हणायला सांगतं: तो हाच ही-मॅन. आणि अडचण इथेच सुरू होते. देवदत्ताच्या बाबतीत काळ सोडून देता येतो, कारण आपल्याला देवदत्त हवा असतो. संग्राहकाला काय हवं असतं? त्याला ‘तेव्हा’च हवं असतं. १९८४ ची ती दुपार, ती सतरंजी, तो धाकटा भाऊ. जो भाग सोडल्याशिवाय ओळख पटत नाही, त्याच भागासाठी हा माणूस पैसे मोजतोय. कारखाना ‘हा’ बनवू शकतो. ‘तेव्हा’ कुठल्या साच्यातून काढणार?

तुम्ही म्हणाल, इतकं असेल तर एकही पुनरागमन चालायला नको. पण काही काळ तरी चालतं. म्हणून प्रश्न आणखी बारीक करायला हवा. ‘तो’ म्हणजे नक्की कोण? माझं म्हणणं असं की संग्राहक तीन प्रकारच्या ‘तो’ विषयी बोलत असतात आणि तिघांनाही वाटतं की आपण एकाच गोष्टीविषयी बोलतोय.

पहिला ‘तो’ म्हणजे वस्तू. ते अमुक प्लास्टिक, तो वजनदारपणा, ती कमरेची स्प्रिंग, पाठीमागचं चित्र असलेला पुठ्ठा. दुसरा ‘तो’ म्हणजे मनातली प्रतिमा. लहानपणी खेळताना आपल्याला जे दिसत होतं ते. हातात सहा सांध्यांचा बाहुला असला तरी मनात तो धावत होता, उड्या मारत होता, त्याच्या चेहऱ्यावर राग होता. तिसरा ‘तो’ म्हणजे गोष्टीतलं पात्र. ते कुठल्याही एका बाहुल्यात नसतं आणि त्याची गोष्ट पुढे जाऊ शकते.

आता मॅटेलचे प्रयत्न बघा. जवळजवळ प्रत्येक प्रयत्नाने यातला एकेक ‘तो’ धरला आणि उरलेले दोन हातचे गेले.

१९८९ साली पहिलं पुनरागमन झालं. तेव्हा ही-मॅनला अंतराळात पाठवलं, अंगयष्टी सडपातळ केली, नवे शत्रू दिले. म्हणजे तिसरा ‘तो’ धरला, पात्र तेच आणि गोष्ट नवी. पण जुन्या मुलांना वस्तू ओळखू येईना आणि नव्या मुलांना पात्र माहीत नव्हतं. ते फार टिकलं नाही.

२००२ साली दुसरं. ‘फोर हॉर्समेन’ या शिल्पकारांच्या गटाने पात्रं नव्याने घडवली आणि बरोबर नवं कार्टूनही आलं. शिल्पं सुरेख होती, मोठ्यांना आवडली. इथे दुसरा ‘तो’ धरला होता, मनातल्या प्रतिमेला शोभेल असं रूप. पण खेळणं विकायचं होतं मुलांना. मुलं मागतात नायक, म्हणून कंपनीने ही-मॅनचीच वेगवेगळ्या चिलखतांतली रूपं भरपूर काढली. संग्राहकाला हवी होती दुय्यम पात्रं, ती मोजकी यायची. दुकानाच्या खुंटीवर चिलखतातले ही-मॅन लटकलेले आणि ज्याच्यासाठी माणूस तीन दुकानं फिरला तो नाही. दोन वर्षांत कार्टून बंद झालं आणि पाठोपाठ खेळणीही.

२००८ मध्ये तिसरा प्रयत्न झाला, ‘क्लासिक्स’. आता मुलांचा विचारच सोडला. सुमारे सात इंची, भरपूर सांधे, उत्तम रंगकाम, सुरुवातीची किंमत वीस डॉलरच्या आसपास. दुकानात नाही, कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर विक्री आणि वार्षिक वर्गणी. मराठी नियतकालिकांच्या वाचकाला हे लगेच समजेल: वर्गणीदार पुरेसे जमले तर पुढच्या वर्षीचे अंक, नाहीतर रामराम. मॅटेलने खरोखरच संकेतस्थळावर तापमापकासारखं चित्र टाकलं होतं, वर्गणीदार कुठवर आले ते दाखवणारं.

ही मालिका पुष्कळ वर्षं चालली आणि आजही अनेक जण तिला सर्वोत्तम मानतात. मग ती रेंगाळली का? एक कारण मला तात्त्विक दृष्टीने फार महत्त्वाचं वाटतं. जुन्या मालिकेतली पात्रं मोजकी असतात. १९८२ ते ८८ मध्ये जितकी निघाली तितकीच. एकेक करून ती सगळी पुन्हा निघत आली की यादी संपते. जिवंत गोष्टीला अशी यादी नसते, तिथे उद्या नवं पात्र येऊ शकतं. पण इथे नवं पात्र आलं की वर्गणीदार म्हणतो, हा आमच्या वेळी नव्हता. आणि जुनंच पात्र पुन्हा काढलं तर म्हणतो, हा माझ्याकडे आहे. पूर्ण झालेला संग्रह शेल्फवर शोभून दिसतो, पण पुढच्या महिन्यात काय घ्यायचं हा प्रश्न उरत नाही. आणि कंपनी तर पुढच्या महिन्यावर जगते.

चौथा प्रयत्न २०२० चा, ‘ओरिजिन्स’. इथे पहिला ‘तो’ धरला. पुन्हा साडेपाच इंच, पुन्हा फुगीर दंड, पुन्हा तसाच पुठ्ठा. लांबून बघितलं तर १९८२ चाच. पण आत सोळा सांधे, कोपर वळतं, गुडघा वळतो. हे का केलं? कारण सहा सांध्यांचा बाहुला आज कोणी चालवून घेणार नाही, असा कंपनीचा अंदाज. म्हणजे वस्तू पहिल्या ‘तो’ सारखी दिसायची आणि दुसऱ्या ‘तो’ सारखी हलायची. परिणाम काय? ज्याला वस्तू हवी त्याला कोपरातला सांधा खुपतो, ‘आमच्या ही-मॅनचा दंड कसा सलग होता!’ ज्याला प्रतिमा हवी त्याला तो बुटका वाटतो, ‘क्लासिक्स बरे होते.’ दोघांची तक्रार खरी आहे. फक्त ती एकमेकांविरुद्ध आहे.

जी. आय. जोच्या बाबतीतही हेच घडलं. १९८२ च्या त्या लहान बाहुल्याच्या पोटात एक रबरी कडं असायचं, त्यावर धड आणि पाय जोडलेले. वर्षांनुवर्षांनी ते कुजून तुटायचं. २००७ साली पंचविसाव्या वर्षानिमित्त हॅस्ब्रोने नवी रचना आणली, कडं काढून टाकलं. अभियंत्याच्या दृष्टीने दोष गेला. पण एका गटाच्या दृष्टीने तो दोष हीच ओळख होती, कारण ते कडं असलं की बाहुला कमरेत एका विशिष्ट तऱ्हेने झुलतो. पुढे हॅस्ब्रोला रबरी कड्याचे बाहुलेही पुन्हा काढावे लागले.

इथे मघाशी सांगितलेली काटकसर आठवा. वाघ मोठा का, कारण साचा उसना. धड एकच का, कारण साचा महाग. कडं रबरी का, कारण ती रचना स्वस्त आणि सोपी. जे अडचणीपोटी झालं होतं, तेच आता हौसेने आणि जादा खर्चाने मुद्दाम करावं लागतं. कुडाच्या भिंतीचं घर गरजेने बांधणं वेगळं आणि रिसॉर्टमध्ये तशी भिंत उभारणं वेगळं. दिसायला सारखंच, पण बघणाऱ्याला काहीतरी टोचत राहतं.

ते टोचणारं काय आहे? त्यासाठी बौद्धांकडे जाऊ. ‘सोऽयं देवदत्तः’ या उदाहरणावर त्यांचा आक्षेप होता. ते म्हणतात, कापलेली नखं आणि केस पुन्हा वाढतात आणि आपण म्हणतो ‘तेच केस’. दिव्याची ज्योत क्षणाक्षणाला नवी असते, आपण म्हणतो ‘तीच ज्योत’. तेव्हा ओळख पटणं हा एकत्वाचा पुरावा नाही. निव्वळ सारखेपणानेही ओळख पटते. वाद मोठा आहे, त्याचा निकाल आज लावायला नको. पण पुन्हा काढलेलं खेळणं देवदत्त आहे की नखं-केस आहे, एवढं विचारायला हवं. संग्राहक दुकानात शिरतो तेव्हा त्याला देवदत्त भेटायचा असतो. घरी येऊन पुठ्ठा फाडला की हाती लागतात ती पुन्हा वाढलेली नखं.

आपल्या इतिहासात याचं एक ठसठशीत उदाहरण आहे. १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ गेले आणि काही वर्षांनी त्यांचा तोतया उभा राहिला. पुष्कळांनी त्याला मानलं. का मानलं? कारण भाऊ परत यावेत अशी तळमळ होती. जिथे तळमळ जास्त, तिथे सारखेपणा थोडा असला तरी पुरतो. पण तपशिलाचे प्रश्न विचारायला लागलं की तोतया टिकत नाही. आजचा संग्राहक तर तपशिलाचेच प्रश्न विचारणारा. पट्ट्याचा रंग, डोळ्यांची ठेवण, पुठ्ठ्यावरचं अक्षर, सगळं तो जुन्याशी ताडून बघतो. तळमळ त्याला विकत घ्यायला लावते आणि चिकित्सा त्याला नाकारायला लावते. दोन्ही एकाच माणसात नांदतात.

या ओढाताणीवर कंपन्यांनी चमत्कारिक उपाय शोधले. दोन सांगतो. २०१९ साली हॅस्ब्रोने ‘स्टार वॉर्स रेट्रो कलेक्शन’ काढलं, हुबेहूब केनरच्या धर्तीवर, मोजक्या सांध्यांचं. आणि पुठ्ठ्यावर ओरखडे, झिजलेल्या कडा छापल्या! म्हणजे ‘तेव्हा’ आणता येत नाही म्हणून ‘तेव्हा’ची झीज छापायची. अनेक संग्राहकांना ते रुचलं नाही आणि त्यांचं बरोबर होतं. ओरखडा ही काळाची सही असते. छापलेला ओरखडा ही त्या सहीची नक्कल.

दुसरा उपाय मला जास्त प्रामाणिक वाटतो. १९७९ साली केनरने ‘एलियन’ चित्रपटाच्या लहान बाहुल्यांची तयारी केली होती, पण ते बाजारात आलेच नाहीत. २०१३ साली सुपर७ नावाच्या कंपनीने ते त्याच जुन्या पद्धतीने काढले. गंमत बघा, कोणाच्याही बालपणात हे बाहुले नव्हते. म्हणून ‘तो हाच का?’ हा प्रश्नच उठला नाही. ताडून बघायला ‘तो’ नाहीच. हे बाहुले लोकांनी आनंदाने घेतले. जिथे ओळख पटवण्याचा भार नसतो, तिथे जुनी शैलीही मोकळा श्वास घेते.

आता भारताचा थोडा संबंध सांगतो, कारण तो या प्रश्नावर प्रकाश टाकतो. आपल्याकडे ही-मॅन दूरदर्शनवर दिसला आणि लिओ या नावाने भारतात त्याची खेळणी निघाली. जी. आय. जो काढला फनस्कूलने. ही कंपनी १९८७ साली एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून सुरू केली आणि तिचा एक कारखाना गोव्यात आहे. हॅस्ब्रोचेच साचे, पण रंग कधी कधी भलतेच. अमेरिकेत हिरवा असलेला सैनिक इथे पिवळा-निळा निघायचा. आज अमेरिकेतले काही संग्राहक हे फनस्कूलचे बाहुले आवर्जून शोधतात. त्यांच्या बालपणात ते नव्हते, तरीही! कारण ते खरोखर ‘तेव्हा’चे आहेत. कुठल्यातरी मुलासाठी केलेले, कोणाला खूश करण्यासाठी जुने न केलेले.

आणि याची दुसरी बाजूही आहे. माझा एक जुना विद्यार्थी न्यू जर्सीत असतो, वाढला ठाण्यात. त्याने हौसेने नवा ही-मॅन घेतला आणि मला म्हणाला, ‘सर, अगदी हुबेहूब आहे, पण माझा नाही.’ त्याला दोष काढता येईना. मी विचारलं, तुझ्याकडे तेव्हा कुठला होता? तर भारतात झालेला, मामाने वाढदिवसाला दिलेला, एक हात ढिला झालेला. नवा बाहुला अमेरिकेतल्या मुलाच्या आठवणीची नक्कल होती. या मुलाची आठवण त्यात नव्हतीच. प्रत्येकाचा ‘तो’ वेगळा आणि कारखाना काढणार एकच. हजारो वेगवेगळ्या आठवणींची सरासरी काढली की जे येतं, ते कोणाच्याच आठवणीसारखं नसतं.

आता पैशांचं बोलू, कारण तक्रारीत सगळ्यात मोठा आवाज त्याचाच असतो. लोक म्हणतात, नवी खेळणी महाग. हे अर्धं खरं आहे. १९८२ ला ही-मॅन साधारण पाच डॉलरला मिळायचा. महागाई धरली तर ते २०२० चे सुमारे तेरा डॉलर होतात. ओरिजिन्स पंधराच्या आसपास आला. म्हणजे फार फरक नाही. पण सुपर७ सारख्यांच्या मोठ्या बाहुल्यांना त्याहून बरेच जास्त पडतात, ते का? साच्याचा खर्च ठरलेला असतो. तो लाखो मुलांत वाटला तर प्रत्येकी नगण्य होतो, काही हजार प्रौढांत वाटला तर जाणवतो. त्यात सांधे वाढले की सुटे भाग वाढतात, भाग वाढले की साचे आणि जोडणी वाढते. म्हणजे संग्राहक जितका चोखंदळ, तितके ग्राहक कमी. ग्राहक कमी तितकी किंमत जास्त. आणि किंमत जास्त तितका तो आणखी चोखंदळ. हे चक्र आहे.

शिवाय दुकानं गेली. ‘टॉइज आर अस’ ही प्रचंड साखळी २०१७ साली दिवाळखोरीत गेली आणि २०१८ मध्ये तिची अमेरिकेतली दुकानं बंद झाली. जिथे मूल सहज फिरताना बाहुला बघायचं, ती जागा संपली. उरली आगाऊ नोंदणी. हॅस्ब्रोने २०१८ मध्ये जब्बाचं भलंमोठं जहाज पाचशे डॉलरला जाहीर केलं आणि सांगितलं, पाच हजार जणांनी नोंदणी केली तरच बनवू. नोंदणी आठ हजारांवर गेली. यश मोठं, पण आकडा बघा, आठ हजार. हा अत्यंत निष्ठावान आणि अत्यंत लहान समाज आहे.

आणखी एक कारण आहे, ते दुर्मिळतेचं. जुनी खेळणी मौल्यवान का झाली? मुलांनी ती मोडली, हरवली, मातीत पुरली, आयांनी घर आवरताना टाकून दिली, म्हणून. किंमत आली ती खेळण्यातून आणि खेळण्याच्या नासधुशीतून. हे कळल्यावर १९९० च्या दशकात लोक शहाणे झाले. ‘स्टार वॉर्स’चे बाहुले १९९५ ला परत आले तेव्हा अनेकांनी ते न उघडता कपाटात ठेवले, उद्या भाव येईल म्हणून. १९९९ ला नवा चित्रपट आला तेव्हा तर ढिगाने माल निघाला. भाव आला नाही, कसा येणार? सगळ्यांनीच जपलं. सगळे जपतात ती गोष्ट दुर्मिळ होत नाही. आज पुन्हा काढलेलं खेळणं जन्मतःच जपलं जातं. त्याला ना खेळ मिळतो, ना भाव.

आता उलट बाजू बघू. ‘ट्रान्सफॉर्मर्स’ १९८४ पासून आहे, ‘निंजा टर्टल्स’ची खेळणी १९८८ पासून. त्यांचेही प्रौढ संग्राहक आहेत, त्यांच्याही तक्रारी आहेत. पण या मालिकांची अवस्था इतकी नाजूक नाही, कारण जवळजवळ प्रत्येक पिढीतल्या मुलांना त्यांची नवी गोष्ट मिळत गेली. ट्रान्सफॉर्मर्स १९९६ मध्ये चक्क प्राणी झाले. जुने चाहते चिडले आणि एक नवी पिढी तयार झाली. आज त्या प्राण्यांचीही आठवण काढणारे लोक आहेत! सलग वाहत राहिलं तर ‘तो हाच’ हे सिद्ध करावं लागत नाही. रोज दिसणाऱ्या शेजाऱ्याची ओळख आपण पटवून घेत नाही. ही-मॅनच्या बाबतीत मध्ये मध्ये मोठ्या भेगा पडल्या. त्या ओलांडताना दर वेळी ओळखपत्र दाखवावं लागतं आणि ओळखपत्र तपासणारे दर वेळी तेच, फक्त दहा वर्षांनी म्हातारे झालेले.

म्हणून माझा निष्कर्ष असा. ही खेळणी वाईट बनतात म्हणून अडखळत नाहीत. अनेकदा ती मूळ खेळण्यांपेक्षा चांगली असतात. ती अडखळतात कारण त्यांच्यावर अशी जबाबदारी टाकली जाते जी वस्तूला पेलवत नाही. माणसाला ‘तेव्हा’ परत हवा असतो आणि कंपनी त्याला ‘तसंच’ विकते. ‘तसंच’ आणि ‘तेच’ यांतलं अंतर सांध्यांनी, रंगांनी किंवा छापील ओरखड्यांनी भरत नाही.

एक शब्द बघून संपवतो. १६८८ साली योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेलमध्ये प्रबंध लिहिला आणि ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला. ग्रीकमधले दोन शब्द जोडून, घरी परतणं आणि वेदना. त्याच्या लेखी हा रोग होता, परमुलखात राहणाऱ्या माणसांना होणारा. मराठीत आपण याला स्मरणरंजन म्हणतो. आपण रंजन घेतलं आणि वेदना गाळली. खेळण्यांचा बाजारही तेच करतो, रंजन विकतो. वेदना मात्र पुठ्ठा उघडल्यावर निघते, कारण ती खेळण्यात नव्हतीच. भाऊ आता सतरंजीवर नाही, मामा नाही, आपण सात वर्षांचे नाही. बाहुल्याच्या कोपरातल्या सांध्यावर आपण चिडतो, तेव्हा बऱ्याचदा या न परतणाऱ्या गोष्टींवरचा राग त्या बिचाऱ्या सांध्यावर काढत असतो.

तर घेऊ नका असं मी म्हणत नाही. घ्या. फक्त घेण्याआधी स्वतःला विचारा, मला यातला कुठला ‘तो’ हवाय? वस्तू हवी असेल तर जुनीच शोधा, हात ढिला असला तरी. रूप हवं असेल तर नवी घ्या आणि तिला नवीच म्हणा. आणि गोष्ट हवी असेल तर खोकं उघडा, एखाद्या सहा-सात वर्षांच्या मुलासमोर ठेवा आणि बाजूला बसा. ते मूल पट्ट्याचा रंग तपासणार नाही. कदाचित त्या बाहुल्याचं नावही बदलेल. बदलू द्या.

इथे थांबतो. काही शंका असतील तर पुढच्या वेळी सुरुवातीला घेऊ. नमस्कार.